कीबोर्डचा ठेका आपल्या गाण्याला कसा बसवायचा

कीबोर्डात दोनशे ताल भरलेले आहेत आणि आपल्या गाण्याला त्यातला एकही बसत नाही, ही नव्यानं वाजवणाऱ्यांची नेहमीची तक्रार. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये २०५ स्टाइल आहेत, कॅसिओच्या छोट्या सीटी-एस३०० मध्येसुद्धा ७७ रिदम. मग माणूस डायल फिरवत बसतो. एक नंबर, दुसरा नंबर, तिसरा, आणि तासाभरानं कंटाळून नुसता मेट्रोनोम लावतो.

माझ्या मते नंबर बदलणं हे सगळ्यात शेवटचं काम. बहुतेक वेळा ताल बरोबरच निवडलेला असतो. लय चुकलेली असते, नको ती वाद्यं सोबत वाजत असतात, किंवा ड्रमचा आवाज गळ्याच्या वर गेलेला असतो. या तीन गोष्टी ताब्यात आल्या की दहा-बारा तालांवर भजन, भावगीत, लावणी, सिनेमातली गाणी असं बरंच काही निघतं.

खाली बटणांची नावं यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेप्रमाणे दिली आहेत, कारण शिकणाऱ्यांकडे तेच जास्त दिसतात. 'स्टाइल' म्हणजे तयार ताल, आणि 'एसीएमपी' म्हणजे डाव्या हातानं धरलेल्या कॉर्डवरून (एकत्र दाबलेल्या सुरांवरून) बास, गिटार वगैरे आपोआप वाजवणारी सोय. कॅसिओवर 'स्टाइल'च्या जागी 'रिदम' आणि 'एसीएमपी'च्या जागी 'अकॉम्प' लिहिलेलं असेल. काम तेच.

आधी गाणं मोजा, कीबोर्डला हात लावू नका

गाण्याचा मुखडा म्हणा आणि मांडीवर टाळी देत सम, म्हणजे आवर्तनाची (तालाच्या एका फेरीची) पहिली मात्रा, शोधा. एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत किती मात्रा पडतात ते मोजा. आठ आल्या तर केरवा किंवा त्याच्या कुळातला भजनी ठेका. सहा आल्या तर दादरा. सात आल्या तर रूपक. मराठी सुगम संगीतातलं बहुतेक काम पहिल्या दोनांतच होतं.

आता हे कीबोर्डच्या हिशेबात बसवायचं. केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे कीबोर्डवरचा चार ठोक्यांचा एक बार, प्रत्येक ठोक्यात दोन मात्रा. पडद्यावर तालाची जात ४/४ अशी दिसते. दादऱ्याला ६/८ किंवा ३/४ लागतो. ३/४ म्हटलं की कीबोर्ड हमखास वॉल्ट्झ पुढे करतो, आणि इथेच दादऱ्याची गाणी बिघडतात. वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा तसाच जड ठोका पडतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली', म्हणजे तालातली हलकी जागा, असते, तिथे बायाँचा (डाव्या हातानं वाजवायच्या तबल्याचा) घुमारा नको असतो. वॉल्ट्झवर दादरा म्हटला की खालीच्या जागी धप्पकन ठोका येतो आणि गाणं लंगडायला लागतं. ६/८ ची एखादी संथ स्टाइल सापडली तर ती आधी घ्या. भारतीय बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांत, म्हणजे यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत किंवा कॅसिओच्या शेवटी 'आयएन' लिहिलेल्या मॉडेलांत, तबला-ढोलकीचे तयार ताल असतात. तिथे हा प्रश्न सुटतो.

सात मात्रांचं गाणं असेल आणि कीबोर्डात तसा ताल नसेल तर ओढूनताणून बसवू नका. मेट्रोनोमची मात्रासंख्या सातवर ठेवा आणि हातानं तीन-दोन-दोन धरा. ४/४ च्या ठेक्यावर रूपकातलं गाणं म्हणून दाखवणारे लोक आहेत, पण त्यात दुसऱ्याच आवर्तनाला सम कुठे गेली ते गायकालाही कळत नाही.

लय ठरवणं

पडद्यावरचा टेम्पो म्हणजे मिनिटाला किती ठोके. गाण्याची लय आकड्यात काढायची सोपी रीत अशी. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, मुखडा म्हणत केरव्याची चार आवर्तनं होऊ द्या. समजा दहा सेकंद लागले. चार आवर्तनांत सोळा ठोके झाले, म्हणजे दहा सेकंदांत सोळा आणि मिनिटाला ९६. टेम्पो ९६ वर ठेवा. एकच आवर्तन मोजून हा हिशेब करू नका, बोट अर्धा सेकंद उशिरा पडलं तरी आकडा पंधरा-वीसनं हलतो.

आकडेमोड नको असेल तर टॅप टेम्पो आहे. 'टेम्पो/टॅप' बटण गाण्याच्या लयीत चार वेळा दाबा, तीन ठोक्यांच्या तालात तीन वेळा. कीबोर्ड तुमचीच लय धरून ठेका सुरू करतो. ठेका चालू असताना लय थोडी हलवायची तर दोनदा दाबलं तरी पुरतं.

मुखडा मनात म्हणताना लय नेहमीपेक्षा जलद येते, विशेषतः गाणं नुकतंच पाठ झालेलं असेल तेव्हा. म्हणून टॅप करण्याआधी मोठ्यानं, शब्दांसकट म्हणा. शब्द तोंडात नीट मावतात ती गाण्याची लय.

दुप्पट-निमपटीचा घोळ इथे फार होतो. एकच गाणं ७५ वरही बसतं आणि १५० वरही, फक्त ठेक्याची घडण वेगळी लागते. ७५ ला हाय-हॅट (ड्रम सेटमधली झांजांची जोडी) दाट भरलेला ताल छान वाटतो. तोच ताल १५० वर नेला की हाय-हॅटचं पीठ पडतं. उलट १५० साठी बांधलेला सुटसुटीत ताल ७५ वर आणला की ठोक्यांमध्ये भोकं पडतात. प्रत्येक स्टाइलला तिचा स्वतःचा मूळ टेम्पो असतो. 'प्लस' आणि 'मायनस' ही दोन बटणं एकदम दाबली की तो परत येतो. मूळ आकड्यापासून वीसेक इकडे-तिकडे जायला हरकत नाही. त्याहून लांब जावं लागत असेल तर स्टाइल बदला.

तालांची तुलना करायची असेल तर ठेका चालू ठेवूनच नंबर बदला. कीबोर्ड थांबलेला असताना स्टाइल निवडली की तिचा मूळ टेम्पो येतो. चालू असताना बदलली की तुमची लय कायम राहते आणि फक्त ठोके बदलतात. मग मुखडा म्हणत राहायचं आणि दर दोन आवर्तनांनी पुढचा ताल घ्यायचा. पाच मिनिटांत कोणता बसतो ते कळतं. थांबून, ऐकून, पुन्हा सुरू करून हेच काम करायला अर्धी संध्याकाळ जाते.

लय बदलली की ताल किती बदलतो याचं एक जुनं उदाहरण जमैकातलं आहे. कॅसिओनं १९८१ मध्ये एमटी-४० नावाचा छोटा कीबोर्ड काढला. त्यातला 'रॉक' नावाचा ठेका हिरोको ओकुडा या तरुण कर्मचारी महिलेनं बांधला होता. १९८५ मध्ये जमैकातल्या एका निर्मात्यानं तो तयार ठेका घेतला, त्याची लय उतरवली आणि त्यावर रेगे गाणं बेतलं. त्या गाण्यानंतर तिथे यंत्रावर बांधलेल्या ठेक्यांची लाटच आली. तयार ताल वापरण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आधी नुसते ड्रम

आता 'एसीएमपी' बंद करा आणि 'स्टार्ट/स्टॉप' दाबा. फक्त तालवाद्यं वाजतील. बास, गिटार, स्ट्रिंग्ज काही नाही. नवशिक्यानं पहिला महिनाभर असंच वाजवावं असं मी सांगतो, कारण एसीएमपी चालू असताना डाव्या हातानं चुकीचा कॉर्ड धरला तर चूक कॉर्डची असते आणि शिव्या तालाला बसतात.

हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलेल्यांना तर एसीएमपीची गरज क्वचितच पडते. भजनाला पेटीच्या सुरांखाली नुसता ठेका हवा असतो. तिथे मेजर-मायनर कॉर्ड घुसले की राग विस्कटतो. पांढरी एकला सा धरलेल्या भूप रागात शुद्ध मध्यम नाही, पण कीबोर्डचा बास आपला एफच्या कॉर्डवर जाऊन खुशाल मध्यम वाजवून येतो.

एसीएमपी लावलीच तर डावी बाजू कॉर्डसाठी राखली जाते. यामाहाच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ही हद्द मूळ सेटिंगमध्ये खालून दुसऱ्या सप्तकातल्या काळी तीनवर असते, म्हणजे डावीकडच्या १९ पट्ट्या. त्यांच्यावर गाणं वाजवायला गेलात तर सुराऐवजी कॉर्ड बदलतील. ही हद्द 'फंक्शन' बटणात 'स्प्लिट पॉइंट' नावाखाली हलवता येते.

सुरुवात: सिंक स्टार्ट

नुसतं 'स्टार्ट' दाबून ठेका सुरू केला की एक हात बटणावर आणि एक पट्ट्यांवर अशी धावपळ होते. 'इंट्रो' लावला तर दोन, चार, कधी आठ बारचा साज वाजतो आणि गायक विचारतो, आता घेऊ का? घरगुती कार्यक्रमात इंट्रो टाळलेला बरा. 'सिंक स्टार्ट' वापरा.

सिंक स्टार्ट दाबलं की कीबोर्ड वाट पाहत बसतो आणि तुम्ही पट्टी दाबाल त्या क्षणी ठेका समेपासून सुरू होतो. आपल्याकडच्या गाण्यांसाठी हे बटण सोन्यासारखं आहे, कारण आपले मुखडे बहुतेक वेळा समेवर सुरू होतच नाहीत. दोन-तीन अक्षरं आधी येतात आणि मग सम. आता हे नीट बघा:

१. स्टाइल निवडा, टेम्पो लावा, एसीएमपी चालू करा.

२. सिंक स्टार्ट दाबा.

३. समेआधीचे सूर उजव्या हातानं, हद्दीच्या उजवीकडे वाजवा. ठेका सुरू होणार नाही, कारण एसीएमपी चालू असताना कीबोर्ड फक्त डाव्या बाजूकडे लक्ष ठेवून असतो.

४. सम येईल तिथे डावा हात कॉर्डवर टाका. ठेका त्याच क्षणी, बरोबर समेवर उठेल.

एसीएमपी बंद असेल तर मात्र कुठलीही पट्टी दाबली तरी ठेका सुटतो, मग तो समेआधीच्या पहिल्या सुरालाच सम समजून चालू लागतो आणि पूर्ण गाणं उलटं पडतं. नुसते ड्रम हवेत आणि मुखडा समेआधी सुरू होतो, अशा वेळी एसीएमपी चालू ठेवून बास आणि कॉर्ड बंद करावे लागतात. ज्या कीबोर्डवर वाद्यांचे ट्रॅक वेगवेगळे बंद करता येतात तिथे हे दोन बटणांचं काम आहे. लहान कीबोर्डवर ही सोय नसेल तर आधी नुसते सूर वाजवा, आणि समेच्या क्षणी डाव्या हातानं 'स्टार्ट' दाबा. चार-सहा वेळा केलं की हात बसतो.

ए, बी आणि फिल-इन

प्रत्येक स्टाइलचे निदान दोन भाग असतात, मेन ए आणि मेन बी. ए हलका, बी भरलेला. मोठ्या कीबोर्डवर सी आणि डीसुद्धा येतात. धृपदाला ए, कडव्याला बी असा सरधोपट नियम सगळे शिकवतात. मराठी भावगीताला तो उलटा लावून बघा. कडव्यात शब्द दाट असतात, तिथे ठेका हलका हवा. धृपदाला परत येताना बी वर या, म्हणजे ओळ उचलली जाते.

'मेन/ऑटो फिल' दाबलं की एका भागातून दुसऱ्यात जाण्याआधी छोटा तुकडा वाजतो. बटण दाबताच तुकडा सुरू होतो आणि चालू बार संपेपर्यंत चालतो. म्हणून बारच्या पहिल्या ठोक्याला दाबलं तर पूर्ण बारभर तुकडा मिळतो, तिसऱ्याला दाबलं तर अर्धा. तबलजी समेवर यायला उठाण घेतो ती साधारण याच जागी. तिसऱ्या ठोक्यावर दाबायची सवय लावा. पूर्ण बारचा फिल सुगम गायनात फार आरडाओरडा करतो, आणि गायकाची तान चालू असताना पडला तर गायक मागे वळून बघतो.

फिल-इन एका कडव्याला एक, फार तर दोन. दर ओळीला फिल घेणारा कीबोर्डवादक लग्नाच्या हॉलमध्ये चालतो, बैठकीत नाही.

शेवट करताना 'एंडिंग' दाबा, आणि एंडिंग चालू असतानाच तेच बटण पुन्हा दाबलं तर लय हळूहळू उतरत थांबते. तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन संपवायचं असेल तर एंडिंगच्या नादी लागू नका. तिहाईच्या शेवटच्या धा वर 'स्टार्ट/स्टॉप' दाबा, ठेका तिथेच तुटतो.

आवाजाचा तोल

मास्टर व्हॉल्यूमची डायल सगळ्यांना सापडते, पण तिनं सगळंच एकत्र वर-खाली होतं. ताल एकटा कमी करायला 'फंक्शन'मध्ये 'स्टाइल व्हॉल्यूम' आहे. तो मूळ सेटिंगमध्ये जरा जास्तच वर असतो. एकट्यानं सराव करताना तो बरा वाटतो, कारण ठेका जोरात असला की आपल्या चुका झाकल्या जातात. गायकासोबत बसताना तो खाली आणा. किती, याची परीक्षा सोपी आहे. गायकाला सगळ्यात हळू ओळ म्हणायला सांगा आणि त्या ओळीतला प्रत्येक शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळेल इतपत ठेका ठेवा.

कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर लहान, त्यातून बास ड्रमचा घुमारा फारसा येत नाही. म्हणून घरी माणूस स्टाइल व्हॉल्यूम वाढवतो. तोच कीबोर्ड गणपतीच्या मांडवात मोठ्या स्पीकरला जोडला की बास ड्रम छातीवर बसतो आणि पेटी ऐकूच येत नाही. मांडवात नेण्याआधी स्टाइल व्हॉल्यूम घरच्यापेक्षा कमी करून न्या आणि तिथे कानानं वाढवा. मंगल कार्यालयासारख्या घुमणाऱ्या जागी रिव्हर्बही (आवाजामागची गुंजही) कमी करा, नाहीतर प्रत्येक ठोक्याची शेपटी पुढच्या ठोक्यावर पडते.

ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅडवाला (काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवाला) असेल तर हा सगळा विषयच मिटतो. रोलँडनं १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड आणला, आणि आपल्याकडच्या वाद्यवृंदांत तो असा रुळला की ठेका हे कीबोर्डवाल्याचं काम राहिलेलं नाही. तिथे स्टाइल पूर्ण बंद ठेवा. माणसाच्या ठेक्यावर यंत्राचा ठेका चढवला की दोन्ही एकमेकांना खातात.

गायकाच्या पट्टीसाठी ट्रान्स्पोज वापरलात तर ठेक्याची काळजी करू नका. सूर सरकतात, ड्रम जागचे हलत नाहीत.

हातानं ठेका वाजवून बघणं

सेटिंग्ज समजून घ्यायची असतील तर ठेका आतून कसा बांधलेला असतो ते हाताला कळायला हवं. व्हॉइसच्या यादीत 'स्टँडर्ड किट' निवडा. आता प्रत्येक पट्टी म्हणजे एक वाद्य. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या संकेतामुळे मुख्य वाद्यांच्या जागा बहुतेक कंपन्यांत सारख्याच आहेत. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर अगदी डावीकडची पांढरी एक म्हणजे बास ड्रम. शेजारची काळी एक म्हणजे स्नेअरच्या कडेवर काठी टेकवल्याचा टक् असा आवाज. पांढरी दोन स्नेअर. काळी तीन मिटलेला हाय-हॅट, काळी पाच उघडा हाय-हॅट. पुढच्या सप्तकातली काळी एक क्रॅश. डावीकडून तिसऱ्या सप्तकातली पांढरी एक चढा बोंगो आणि तिच्या लगतची काळी उतरा बोंगो.

केरवा बांधू या. बोल सगळ्यांना पाठ आहेत:

धा गे ना ती । न क धी ना

डावा हात बास ड्रमवर, उजवी तर्जनी चढ्या बोंगोवर आणि मधलं बोट उतऱ्यावर. धा ला बास ड्रम आणि चढा बोंगो एकत्र. गे ला नुसता बास ड्रम, हलका. ना ला चढा बोंगो, ठसठशीत. ती ला उतरा. आता न आणि क, चढा मग उतरा, दोन्ही अगदी हळू, आणि डावा हात पूर्ण गप्प. धी ला बास ड्रम आणि उतरा, शेवटच्या ना ला चढा.

पाचव्या-सहाव्या मात्रेला डावा हात गप्प राहिला की केरवा केरव्यासारखा वाटायला लागतो. तिथे बास ड्रम वाजवून बघा, लगेच पाश्चात्त्य पॉपचा ठेका होईल. फरक एवढाच आहे, आणि कीबोर्डातल्या शंभर स्टाइलमध्ये आपल्या गाण्याला चालेल असा ताल शोधताना याच जागेकडे कान द्यायचा. बारच्या तिसऱ्या ठोक्याला बास ड्रम जोरात असेल तर तो ताल भजनाला नको.

बोटांचा जोर लागू होत नसेल तर टच रिस्पॉन्स बंद आहे. तो चालू करा, नाहीतर आठही मात्रा एकाच जोरानं वाजतील. भारतीय किटमध्ये तबला-ढोलकीच्या जागा मॉडेलप्रमाणे बदलतात. पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवा आणि कुठे काय ते वहीत लिहून ठेवा.

मोठ्या कीबोर्डवर स्वतःचा ताल

यामाहाच्या पीएसआर-एसएक्ससारख्या कीबोर्डवर एक स्टाइल आठ भागांत असते: रिदम १, रिदम २, बास, कॉर्ड १, कॉर्ड २, पॅड, फ्रेज १ आणि फ्रेज २. ड्रम पहिल्या दोनांत. मिक्सरमध्ये जाऊन बाकीचे सहा बंद करा, मग नुसता रिदम १ आणि नुसता रिदम २ ऐका. बऱ्याच स्टाइलमध्ये एकात ड्रम सेट आणि दुसऱ्यात शेकर, काँगा, टँबुरीनसारखी सटरफटर वाद्यं असतात. भजनाला कित्येकदा ड्रम सेट बंद करून दुसरा भाग एकटाच ठेवला की काम होतं. नवा ताल बांधायची गरजच पडत नाही.

तरी बांधायचाच असेल तर 'स्टाइल क्रिएटर' आहे. मेन ए घ्या, लांबी दोन बार ठेवा, टेम्पो मुद्दाम उतरवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. रिदमच्या भागात आधीचं पुसलं जात नाही, फेरीवर फेरी चढत जाते. म्हणून पहिल्या फेरीत फक्त बास ड्रम, दुसरीत बोंगो, तिसरीत हाय-हॅट असं एकेक वाद्य घाला. एखादं बिघडलं तर तेवढंच वाद्य पुसता येतं. फिल-इनची लांबी एका बारचीच असते, ती वाढवता येत नाही.

रेकॉर्ड केल्यावर क्वांटाइझ करायचा मोह होतो. ठोके यंत्रासारखे सरळ रांगेत येतात आणि ढोलकीची लचक निघून जाते. हात फारच डळमळला असेल तरच करा, आणि तेही फक्त बास ड्रमला.

यूएसबीवरून दुसऱ्याकडची स्टाइल घेताना एक लक्षात ठेवा. यामाहा आणि कॉर्ग दोघांच्याही स्टाइल फाइलच्या शेवटी 'एसटीवाय' असतं, पण आतली रचना वेगळी. एकाची फाइल दुसऱ्यावर थेट चालत नाही. पैसे देऊन तालांचा संच घेणार असाल तर आपल्या मॉडेलचं नाव विक्रेत्याला सांगून मगच घ्या.

सेटिंग टिकवणं, आणि कीबोर्ड मध्येच बंद पडणं

लहान कीबोर्ड बंद केला की निवडलेली स्टाइल आणि टेम्पो मूळ पदावर जातात. रजिस्ट्रेशन मेमरी असेल तर एकेका गाण्याची स्टाइल, टेम्पो, आवाज एकेका बटणावर साठवा. नसेल तर वही उत्तम. गाण्याच्या पहिल्या ओळीसमोर स्टाइल नंबर, टेम्पो, स्टाइल व्हॉल्यूम आणि ट्रान्स्पोज, एवढे चार आकडे.

कार्यक्रमाला जाताना ऑटो पॉवर ऑफ बंद करायला विसरू नका. यामाहाचे कीबोर्ड अर्धा तास हात लागला नाही की आपोआप बंद होतात. कीर्तनात बुवांचं निरूपण रंगतं, अर्धा-पाऊण तास पेटीला काम नसतं, आणि अभंगाला हात टाकावा तर पडदा काळा. सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू केला की ही सोय बंद होते. डावीकडचीच दाबा. सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी धरून चालू केलात तर साठवलेली सेटिंग्ज पुसली जातात.